राखेत हात घालून बघा



येळवस झाली, माळेगावची यात्रा झाली आणि गेल्या आठ दिवसांत माझ्या वहीत पिकाच्या नोंदी कमी, चुलीच्या जास्त झाल्या. हरभऱ्यातल्या घाटेअळीचं पुढच्या वेळी लिहितो. आज यात्रेत पालावर चार रात्री राहिलो, उघड्यावर रांधून खाल्लं, त्याचं लिहितो. यात शेतीचं काही नाही असं वाटलं तरी शेवटपर्यंत वाचा. सगळं शेतीचंच आहे.

लांबच्या वाचकांसाठी दोन ओळी. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर, नांदेड, धाराशिव या आपल्या पट्ट्यात त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप, पाच पांडव, भज्जी, आंबिल, उंडे. माळेगावची खंडोबाची यात्रा याच अमावस्येच्या तोंडावर सुरू होते. नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा आणि अहमदपूरच्या मधे हे गाव. घोडे, गाढवं, उंट, बैल, गाई, सगळ्याचा बाजार. लोक जनावरांसकट माळावर पालं ठोकून राहतात. आज शहरातली माणसं पैसे मोजून तंबूत राहायला आणि शेकोटीवर जेवायला जातात. आपले बापजादे हे बैलांच्या पायाशी दरसाल करत होते, त्याला कुणी वेगळं नाव दिलं नव्हतं.

यंदा मी एक लालकंधारी गाय आणि तिची कालवड घेऊन गेलो. विकायला नाही, पशुप्रदर्शनात उभी करायला आणि चार जाणकारांकडून तिच्यात काय कमी आहे ते ऐकायला. सोबत तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, वय सत्तरच्या पुढं. आणि पुतण्या बारक्या, बारावी करून घरी बसलेला. येळवस शेतात केली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पो भरला. कडब्याच्या साठ पेंढ्या, तुराट्यांचे दोन भारे, बाभळीची फोडलेली लाकडं, पोतंभर गोवऱ्या, लोखंडी तवा, जर्मनची दोन पातेली, परात, ज्वारीचं नि गव्हाचं पीठ, आणि आईनं करून दिलेलं येसर. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे गेलेत. ते आले नाहीत. दारात खुर्ची टाकून त्यांनी टेम्पोवर काय काय चढलं ते बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पाण्याचा क्यान मोठा घ्या." मला वाटलं गाईसाठी म्हणतात.

पहिल्या रात्री चूल बारक्यानं मांडली. नाल्यातून तीन गोल गुळगुळीत दगड आणले, एक अजून ओलाच होता. वर तुराट्यांचा अख्खा भारा रचला आणि पेटवला. जाळ पुरुषभर उंच गेला. बारक्यानं मोबाईल काढून फोटो घेतले. तव्यावर भाकरी टाकली तर एका मिनिटात कडा काळ्या, मधे कच्ची. पिठलं खाली लागलं, वर पाणी. तेवढ्यात ओला दगड फाडदिशी फुटला. कपची बारक्याच्या पायाजवळून गेली. पाण्यातला दगड तापला की आतलं पाणी वाफ होऊन त्याला फोडतं, हे मला माहीत होतं. पण मी गाईला वैरण टाकण्यात होतो.

तात्या तोपर्यंत काही बोलले नव्हते. मग म्हणाले, "आरं, भाकर भाजायलास का होळी पेटवायलास?"

बारक्या म्हणाला, "तात्या, जाळ केल्याबिगर शिजंल कसं?"

"जाळ दिसाय बरा असतोय. शिजतंय ते आरावर."

आर म्हणजे लाल निखारा. त्या रात्री आम्ही करपलेली भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि झोपलो. झोपायच्या आधी तात्यांनी चुलीत तांब्याभर पाणी ओतलं, काठीनं राख उकरली, परत पाणी ओतलं, आणि मग हात राखेवर धरला. आधी तळहाताची मागची बाजू वरूनच, मग बोटं आत. खालपर्यंत चाचपलं, हात झाडला आणि पांघरूण घेतलं. मी ते बघितलं आणि तोंड फिरवून घेतलं. का, ते पुढं सांगतो.

दुसऱ्या दिवशी चूल तात्यांनी मांडली. हातभर लांब, वीतभर खोल चर खणला, तोंड वाऱ्याकडं. माळावरचे कोरडे ठणठणीत काळे दगड तीन बाजूंना. स्वयंपाकाच्या तासभर आधी बाभळीची तीन लाकडं पेटवली आणि सोडून दिली. पहिल्यांदा नुसता धूर, म्हणजे लाकडातली ओल जाती. मग जाळ. मग जाळ बसतो आणि लाकूड लाल होऊन शांत जळतं, धूर नाही, भडका नाही. तेव्हा पातेलं ठेवायचं. वारा आला की जाळ इकडंतिकडं पळतो, पातेल्याची एक बाजू तापते, दुसरी गार. आर कुठं पळत नाही. त्याची धग एकसारखी लागते, आणि जास्त झाली तर काठीनं दोन निखारे बाजूला ओढले की झालं.

भाकरीला मात्र दोन्ही लागतं, हे मला पन्नाशीत कळलं. तव्याखाली तुराटीचा हलका जाळ, कारण तवा पटकन तापला पाहिजे. आणि चुलीच्या तोंडाशी ओढून ठेवलेला बाभळीचा आर. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकत आलं की उलटली, आणि दुसरी बाजू भाजली की उचलून त्या आराला टेकवून उभी केली. टम्म फुगते. फुगली नाही तर पीठ जुनं असतं किंवा मळताना पाणी गार असतं, त्यात चुलीचा दोष नाही. तात्यांनी बारक्याकडून पंधरा भाकरी करून घेतल्या. पहिल्या पाच गाईनं खाल्ल्या.

येसराबद्दल नव्या पोरांसाठी सांगतो. धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. फोडणीच्या उकळत्या पाण्यात कालवून सोडलं की आमटी तयार. भाजी चिरायची नाही, डाळ शिजायची वाट बघायची नाही. गाडीवाटेनं जाणाऱ्या माणसासाठी यापेक्षा शहाणं अन्न मी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी रोडगे. गव्हाचं जाडसर पीठ, मीठ, ओवा, तेलाचं मोहन, घट्ट मळलेलं. तीन पाऱ्या करून मधे तेल लावून एकात एक घालायच्या आणि गोळा बंद करायचा. गोवऱ्या रचून पेटवायच्या, त्यांचा धूर जाऊन त्या आतून लाल आणि वरून पांढऱ्या झाल्या की पसरायच्या. रोडगे त्यावर ठेवून चारी बाजूंनी फिरवून कवच धरू द्यायचं, मग राखेनं आणि विस्तवानं झाकून टाकायचे. पाऊण तास हात लावायचा नाही. तोवर बाजूला तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. वांगी तुराटीवर भाजली तर भरीत. पाऊण तासानं रोडगा काढला, राख झटकली, फडक्यात धरून फोडला. आत पदर सुटलेले, वाफ निघायलेली. त्यावर तूप.

शेजारच्या पालावर परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकलेला एक तरुण होता, देवणी वळू घेऊन आलेला. त्याला आम्ही जेवायला बसवलं. दोन रोडगे खाल्ल्यावर म्हणाला, "काका, राग मानू नका, पण हे खत जाळलंय तुम्ही. गोवरीत जमिनीचा कर्ब जातो."

मी म्हटलं, खरं आहे. चार दिवसांचं पोतं मी माफ करून घेतो. पण रोज सकाळ-संध्याकाळ घराघरात गोवरी जळत होती तेव्हा शेतात जायचं शेण चुलीत जात होतं, हे नाकारता येत नाही. आणि दुसरंही नाकारता येत नाही. चुलीवरच्या जेवणाचं कौतुक आईसमोर करून बघा. तिनं चाळीस वर्षं त्या धुरात काढली. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, त्याच्या आधी-मागं आमच्या आळीत घरोघर गॅस आले. गॅस आला त्या दिवशी तिनं चुलीला हळदकुंकू वाहिलं आणि परत तिच्याकडं बघितलं नाही. आपण चार रात्री मोकळ्या हवेत करतो म्हणून मौज. ती बंद खोलीत रोज करत होती. येसराचा डबा देतानाही ती म्हणाली होती, "दोन दिवसांत कंटाळशाल."

आता तोंड का फिरवलं ते.

२०१७ चा मार्च. आमची तीन एकर रब्बी ज्वारी काढून झाली होती, मालदांडी. कणसं खुडून खळ्यावर, कडबा बांधून गंजी लावलेली, अकराशे पेंढ्या. मळणीयंत्र दोन दिवसांनी येणार होतं, म्हणून मी खळ्यावर जागलीला होतो. दोघं-तिघं मित्र आले. तीन दगडांवर रांधलं, गोवऱ्यांत वांगी भाजली, गप्पा झाल्या. उठताना मी चुलीतली राख फावड्यानं उचलली आणि बांधाच्या कडेला टाकली. पांढरी होती, गार दिसत होती. वर पायानं माती लोटली.

माझी आजी रोज रात्री चुलीत गोवरीचा तुकडा राखेत पुरून ठेवायची. सकाळी राख बाजूला केली, फुंकर घातली की विस्तव तयार. काडेपेटी वाचायची. राख गोवरीला विझवत नाही, सांभाळून ठेवते. हे मी लहानपणी रोज बघितलेलं होतं. ज्या गोष्टीवर आमच्या घरची चूल चालायची, तीच मी त्या रात्री विसरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. मी घरी जेवत होतो. गावातली माणसं घागरी घेऊन पळाली तेव्हा गंजीचा वरचा थर गेला होता. कणसं वाचली, कारण ती खळ्याच्या दुसऱ्या अंगाला होती. कडबा एक पेंढी उरला नाही.

कुणी मला बोललं नाही. अण्णा तर मुळीच नाही. वैरण विकत घेऊन दोन बैल आणि तीन जनावरं पावसाळ्यापर्यंत काढणं झेपणारं नव्हतं. मे महिन्यात बैलजोडी हाळीच्या बाजारात नेली. अण्णा बाजारात आले, कासरा दुसऱ्याच्या हातात दिला, आणि घरी येईपर्यंत आणि त्याच्यानंतरही त्या आगीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या साली ट्रॅक्टरनं पेरणी, खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. बैल नाहीत तर कडबा कशाला? कडबा नको तर ज्वारी कशाला? ज्वारी नाही तर हुरडा नाही, जनावरं नाहीत तर गोवरी नाही, शेणखत नाही. सोयाबीनचं भुसकट चुलीत घातलं तर नुसता धूर. त्याची जागा शेतातच. अशी एकात एक गुंतलेली साखळी होती, एक कडी गेली की बाकीच्या आपोआप सुटल्या. मी बरीच वर्षं लोकांना सांगायचो, गंजी जळाली म्हणून माझी ज्वारी गेली. पण शेजाऱ्याची गंजी जळाली नव्हती, त्याचीही गेली. त्याच्या शेजाऱ्याचीही. मजूर मिळत नाही, काढणी जड, पाखरं राखायला माणूस नाही, आणि सोयाबीन रोख पैसा देतं. आग माझ्या एकट्याच्या घरची होती. ज्वारी सगळ्या शिवारानं सोडली.

दोन वर्षांखाली पाहुण्यांकडून ही लालकंधारी आणली. तिच्या मागं पेंढ्या आल्या, आणि पेंढ्यांच्या मागं यंदा दहा गुंठे ज्वारी. अर्धी मालदांडी कडब्याला, अर्धी परभणी वसंत हुरड्याला. राहुरीचा फुले मधुरही हुरड्याला चांगला, आणि आपल्याकडं जुनी गुळभेंडी, सुरती कुणाकडं असंल तर बी जपून ठेवा. माझी पेरणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, ४५ सेंटिमीटरवर. बियाण्याला गंधक चोळलं, काणीसाठी. एकट्याची ज्वारी असली की शिवारातली सगळी पाखरं आपल्याच रानात उतरतात, तो त्रास झाला. पुढच्या साली शेजाऱ्यालाही दहा गुंठे पेर म्हटलंय, म्हणजे राखण आणि पाखरं दोन्ही वाटून जातील.

हुरडा धरायची वेळ थोडकी असते. पेरणीपासून साधारण नव्वद ते शंभर दिवस. दाणा दाबला की दूध निघालं तर लवकर आहे, नख रुतलं नाही तर उशीर झाला. मधले ते थोडे दिवस. येळवसच्या आदल्या दिवशी कणीस मोडून बघितलं तर वरचे दाणे भरत आलेले, खालचे दुधात. म्हणून यात्रेहून येऊनच आगटी लावायची ठरवलं.

माळेगावात आमच्या पालाच्या दोन्ही बाजूंना कडब्याचे ढीग होते. पुढं पालं, मागं पालं, सगळीकडं वाळली वैरण, आणि बांधलेली जनावरं. तिथं एक ठिणगी उडाली तर काय होईल ते तात्यांना सांगावं लागत नव्हतं. पहिल्या रात्री त्यांनी राखेत हात घातला. दुसऱ्या रात्री त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि सरकून जागा दिली. काही बोलले नाहीत. मी पाणी ओतलं, उकरलं, परत ओतलं, हात घातला. तळाशी एक कोपरा कोमट लागला. परत पाणी. तिसऱ्या आणि चौथ्या रात्रीही मीच.

पालावरचे नियम वहीत लिहून ठेवलेत, तसेच देतो. हुरड्याला पाहुणे येणार असतील तर कामाला येतील.

१. चूल चरात, तोंड वाऱ्याकडं. कडबा, गंजी, खळं यांच्यापासून लांब, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला यातलं काही नको.

२. दगड कोरडे. नाल्यातले, ओले दगड नको.

३. तुराटी-पऱ्हाटी जाळाला, बाभूळ आराला, गोवरी भाजायला आणि मंद शिजवायला. कण्हेर आणि रुई चुलीत नाही, आणि कण्हेरीची काडी भाजायला किंवा ढवळायला कधीच नाही. विष आहे.

४. फवारणीच्या औषधाचे खोके, डबे, प्लास्टिक, रंग लावलेलं लाकूड पेटवायला वापरायचं नाही. रॉकेल-डिझेल ओतायचं नाही. वाळला काडीकचरा पुरतो.

५. भरलेला पाण्याचा क्यान चुलीजवळ, पेटवायच्या आधी.

६. राख दिसायला पांढरी म्हणजे विझली असं नाही. पाणी, उकरणं, परत पाणी, मग हात. हात ठेवता आला तरच झोपायचं. राख कोरडी उचलून कुठंही टाकायची नाही.

प्रदर्शनात गाईला नंबर आला नाही. बघणाऱ्यांनी सांगितलं, रंग आणि शिंगं चांगली, मागची बाजू जरा उतरती, कालवडीला जातिवंत वळू लावा. त्या देवणीवाल्या पोरानं एका चांगल्या लालकंधारी वळूचा पत्ता दिला. रोडगे कामाला आले म्हणायचे.

पाचव्या दिवशी दुपारी घरी पोचलो. गाय उतरवली, पाणी पाजलं. अण्णा खुर्चीतच होते. बारक्या भाकरीचे फोटो दाखवायला लागला, ते त्यांनी लांब धरून बघितले. मग मला म्हणाले, "गोवऱ्या उरल्या का?"

"उरल्या, निम्म्या."

थोडं थांबून म्हणाले, "निघताना राखेत हात घातलास?"

आठ वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "व्हय अण्णा. चारी रोज. निघतानाबी."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मग परवा मला शेतात न्या. कणीस आराजवळ ठिवू नगा, राखंत ठिवा. जाळानं दाणा करपतोय."

परवा म्हणजे उद्या. गोवऱ्या काढून ठेवल्यात, टेम्पोत खुर्ची चढवायची आहे. लसणाची चटणी आई करायली. गॅसवर.

तुमच्या शिवारात हुरड्याची जुनी ज्वारी कुणी राखली असंल तर तिचं नाव आणि दाण्याचा रंग कळवा. बी अदलाबदल करू.